केवळपुरींच्या पोथीची नक्कल

"म्हणजे नक्कल पूर्ण झाली म्हणायची?" केवळपुरी महाराजांनी विचारलं.

"पूर्ण," डॉक्टर विश्राम हुपरीकर म्हणाले. "पानन् पान."

मठाच्या ओसरीवर सकाळचं ऊन आलं होतं. हुपरीकरांनी लॅपटॉप मांडीवर घेतला होता आणि एका हाताने पडद्यावर टोपीची सावली धरली होती. महाराज शेजारी घोंगडीवर बसले होते. त्यांच्यासमोर पाटावर पोथी होती. सुटी पानं, वर-खाली दोन लाकडी फळ्या, बाजूला उघडून ठेवलेलं, पोथी बांधायचं तांबडं बासन. मठाच्या मूळ पुरुषाची वचनं त्या पोथीत होती, आणि अक्षर केवळपुरींच्या तरुणपणीच्या हाताचं होतं.

"मूळ पोथीत आणि तुमच्या नकलेत फरक नाही?"

"आहे. पण डोळ्याला कळेल असा नाही. तेच तर शास्त्र आहे, महाराज. चित्रातलं जे डोळा बघतच नाही, ते काढून टाकायचं. फाइल कितीतरी लहान होते आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"किती काढायचं, ते कोण ठरवतं?"

हुपरीकरांनी पडद्यावरची क्वालिटीची पट्टी दाखवली. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला शंभर, मध्ये सरकवायचा ठिपका.

"हा प्रोग्राम मीच लिहिलाय. ठिपका साठावर ठेवला. त्याच्या पुढे नुसती जागा वाया जाते."

हे सांगताना त्यांना बरं वाटलं. हुपरीकर मुळात शंकेखोर माणूस. घराला कुलूप लावलं की नाही, हे बघायला ते कोपऱ्यावरून परत येत. स्वतःच्या प्रबंधातलं एक समीकरण त्यांनी निवृत्तीनंतरही पुन्हा सोडवून पाहिलं होतं. पण चित्रं लहान करण्याचा विषय त्यांनी उभा जन्म शिकवला होता, आणि तिथे मात्र त्यांना शंका नव्हती. साठ म्हणजे साठ.

महाराजांनी मान हलवली. मग आत तोंड करून हाक मारली.

"भागाबाई, फुलं काढून ठेवा. आज पोथी नदीला द्यायची."

हुपरीकरांचा हात ठिपक्यावर होता तिथेच राहिला.

"कुठली पोथी?"

"हीच की."

"का?"

"रीत आहे मठाची. शिष्याने गुरूची पोथी उतरवून घ्यायची. नक्कल पूर्ण झाली की गुरूची पोथी नदीला द्यायची. एका मठात दोन पोथ्या राहत नाहीत."

"मला हे कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं कुठे? आल्या दिवसापासून तुम्ही सांगतच होतात."

भागाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मठाचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता आणि बोलण्यावर त्यांना कुणाची बंदी नव्हती. पिठाचे हात पदराला पुसत त्या म्हणाल्या, "डॉक्टर वाचवायला आले आणि बुडवून चालले म्हणायचे."

हुपरीकर खरोखरच वाचवायला आले होते. पोथीला कसर लागली आहे आणि उतरवून घ्यायला शिष्य उरलेला नाही, असं कानावर आल्यावर ते कॅमेरा घेऊन स्वतःहून आले होते. शेवटचा शिष्य गेल्याच वर्षी परत गेला होता. मुलगा चांगला होता म्हणे. महाराज काहीही म्हणाले तरी 'जशी आज्ञा' म्हणायचा. महाराजांनी त्याला घरी पाठवून दिलं. हुपरीकरांना त्या मुलाचं वाईट वाटलं होतं.

"मी तुमचा शिष्य नाही," ते आता म्हणाले.

"नक्कल केलीत ना?"

"मी यंत्राने केली."

"रीत हात बघत नाही. नक्कल बघते."

...

"मग ऐका," हुपरीकर म्हणाले. "नक्कल पूर्ण नाही."

"आत्ता तर म्हणालात, पानन् पान."

"पानन् पान आहे. पण पानातलं सगळं नाही." त्यांनी घाईघाईने एक पान उघडलं आणि मोठं करत नेलं. एकच अक्षर पडदाभर झालं. "इथे बघा. अक्षराच्या कडेला."

महाराज वाकले. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं राहिलं होतं. त्यांनी चांगला डोळा पडद्याजवळ नेला.

"मुंग्या आहेत."

"मुंग्याच. माझ्या पोथीला लागलेली कसर म्हणा. चित्र दाबून लहान केलं की हे होतं. तुमच्या कागदावर तिथे काहीच नाही."

"मघाशी नव्हत्या."

"मघाशीही होत्या. इतकं मोठं केल्याशिवाय दिसत नाहीत."

"पोथी वाचणारा माणूस इतकं मोठं करून वाचतो?"

"...नाही."

"मग चालेल. भागाबाई, झेंडू घ्या. पांढरी फुलं नकोत."

"चालणार नाही, महाराज."

"का? डोळ्याला कळत नाही, हे तुमचं शास्त्र. माझा आपला विश्वास बसला. तुमचा उडाला का?"

हुपरीकरांनी ठिपका धरून खाली ओढला. पन्नास, तीस, दहा. पानाचे चौकोनी तुकडे पडले. शाई कागदात विरघळल्यासारखी झाली आणि अक्षर ओळखू येईना.

"बघा. हे होतं."

"हे तुम्ही आत्ता बिघडवलंत," महाराज शांतपणे म्हणाले. "पोथीवर तांब्या उपडा करून मलाही दाखवता आलं असतं."

त्यांनी बोट पुढे केलं, ठिपक्यावर टेकवलं आणि सरळ दुसऱ्या टोकाला नेलं. शंभर.

चौकोन गेले. अक्षर पुन्हा जुळून आलं.

"आता झालं ना? याच्या वर काही आहे?"

"नाही. पण तो नुसता आकडा आहे. मुंग्या बघा, आहेत तिथेच आहेत. साठावर जे गेलं ते गेलं. शंभरावर नेलं तर जे उरलंय तेवढंच जपून ठेवलं जातं."

"गेलेलं कुठे असतं?"

"मूळ फोटोत."

"मग ते काढा की. सोपं आहे."

हुपरीकरांनी टोपी खाली ठेवली. पडद्यावर ऊन पडलं आणि सगळं पांढरं दिसायला लागलं.

"मूळ फोटो मी पुसले."

"का?"

"साठ पुरे होते म्हणून."

बोलल्यावर त्यांना वर्ग आठवला. दरवर्षी पहिल्या तासाला ते फळ्यावर एकच वाक्य लिहायचे. मूळ कधी पुसू नका. मुलं वहीत उतरवून घ्यायची. ते वाक्य स्वतःला लागू आहे, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, कारण ते स्वतः कुठे चुकतील, हे त्यांना आधीच ठाऊक असतं असा त्यांचा समज होता.

महाराजांनी पानं सारखी केली, फळ्या लावल्या, बासन गुंडाळलं, गाठ मारली. पोथी छातीशी धरून ते उठले. ओसरीच्या पायरीपासून घाट सुरू होत होता. खाली डोहाचं पाणी हिरवं दिसत होतं.

हुपरीकर उठले आणि पायरीवर जाऊन उभे राहिले.

"मी नेऊ देणार नाही."

"बाजूला व्हा, डॉक्टर. रीत आहे."

"रीत चुकीची आहे."

"माझ्या गुरूंची आहे."

"तुमच्या गुरूंची असली तरी चुकीची आहे."

भागाबाई झेंडूचं ताट घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, महाराज आहेत ते."

"असू देत." हुपरीकर थांबले नाहीत. "प्रत्येक नकलेत काहीतरी गळतं, महाराज. यंत्राच्याही आणि हाताच्याही. ही पोथी उतरवताना तुमच्या हातून गळलं असेल."

"गळलंच."

"तुमच्या गुरूंच्या हातून गळलं असेल. त्यांच्या गुरूंच्याही. आणि काय गळलं ते बघायला तुम्ही मागे काही ठेवायचंच नाही, म्हणे रीत आहे. मूळ पाण्यात सोडायचं आणि वर सांगायचं, नक्कल पूर्ण झाली. मीही तेच केलंय. पण मला त्याची लाज वाटते. तुम्ही त्यावर फुलं वाहता."

एवढं उलट ते आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. प्राचार्यांना नाही, परीक्षकांना नाही, स्वतःच्या मोठ्या भावालाही नाही.

...

"आणि मी तुम्हाला वळसा घालून पाण्यात उतरलो तर?" महाराजांनी विचारलं.

"मीही उतरेन. मला पोहता येत नाही. पोथीबरोबर मी जाईन आणि मठात पोलीस येतील. मग त्यांना सांगा, रीत आहे."

भागाबाईंना हसू आलं. त्यांनी ते ताटाआड लपवलं.

महाराज मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "शेवटच्या पानाचा फोटो घेतलात?"

"शेवटच्या? ते कोरं होतं."

"घेतलात का?"

"कोऱ्या पानाचा कशाला घेऊ? नुसते समास आखलेले होते. जागा वाया..."

ते मध्येच थांबले.

"म्हणजे पानन् पान नाही," महाराज म्हणाले.

"नाही." हुपरीकर पुन्हा म्हणाले, "नाही." आणि मग त्यांचा चेहराच बदलला. "पानन् पान नाही. एक पान कमी आहे. नक्कल अपुरी आहे, महाराज. अपुरी असताना पोथी नदीला देता येते?"

"नाही येत."

"रीत आहे ना?"

"रीत आहे."

हुपरीकरांनी हात पुढे केले. महाराजांनी पोथी त्यांच्या हातांत ठेवली. ती त्यांना वाटली होती त्याहून जड होती. फोटो काढताना त्यांनी एकेक पानच उचललं होतं, सगळी पोथी एकदम कधी धरली नव्हती.

"मग पुरी करा," महाराज म्हणाले.

"करतो. आजच सगळे फोटो पुन्हा काढतो. या वेळी मूळ ठेवतो, दोन ठिकाणी ठेवतो, पट्टीला हातसुद्धा..."

"हाताने."

"काय?"

"यंत्राचं बघून झालं. आता हाताने उतरवा."

"माझं वय बघा, महाराज. आणि माझं अक्षर वाईट आहे. चुका होतील."

"होतील."

"कुठे चुकलो तेही मला कळणार नाही."

"नाही कळणार."

"आणि पूर्ण झाली, की ही नदीला?"

"तेवढं एक ठरलेलं आहे."

हुपरीकर पायरीवरच बसले. बासनाची गाठ त्यांनी सोडली, खालची फळी सरकवली, शेवटचं पान वर घेतलं. तांबड्या शाईने आखलेले समास. वर डावीकडे पहिल्या अक्षरासाठी सोडलेली जागा. लिहिणाऱ्याने सगळी तयारी केली होती आणि मग बोरू ठेवून दिला होता... कागद हातात धरून ते त्याच्याकडे बघत राहिले. कॅमेऱ्यासमोर हेच पान आलं तेव्हा त्यांनी ते न बघताच बाजूला सारलं होतं.

मग त्यांनी मान वर केली.

"उतरवीन," ते म्हणाले. "जमेल तितकं नीट उतरवीन. पण हे पान लिहिणार नाही. समास आखीन आणि कोरं सोडीन. तुम्ही आज्ञा केलीत तरी लिहिणार नाही. मी मरेपर्यंत नक्कल अपुरीच राहील, आणि ही पोथी या मठातून हलणार नाही. चालत असेल तर बसतो. नाहीतर दुसरा शिष्य बघा."

घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

महाराजांनी भागाबाईंकडे बघितलं. भागाबाई काही न विचारता झेंडूचं ताट घेऊन आत वळल्या. आतल्या कोनाड्यात एक दुसरं बासन होतं, पोथीएवढंच, रंग उडालेलं, गाठीवर गाठ मारलेलं. हुपरीकर आल्यापासून ते बघत होते. मठाचं जुनं सामान असेल, असं त्यांनी धरलं होतं. भागाबाईंनी नदीसाठी काढलेली सगळी फुलं त्या बासनावर वाहिली.

हुपरीकर कोनाड्याकडे बघत राहिले. मग हातातल्या कोऱ्या पानाकडे. मग महाराजांकडे.

महाराजांनी घोंगडीवर सरकून शेजारी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "मीही माझ्या गुरूंना हेच सांगितलं होतं."