माणकीची हाक

कुणाच्या पणजीनंही पाहिलेली नाही, इतकी जुनी ही गोष्ट. खाडीच्या मुखाशी करंजवेळ नावाचा कोळीवाडा होता. तिथं माणकी नावाची मुलगी जन्मली. ती पहिल्यांदा रडली तेव्हा खुंटीवरची जाळी हलली, असं म्हणतात.

तिचा आवाज फार मोठा आणि घोगरा होता. पोरी हसत. लग्न ठरलं तेही आवाज ऐकून मोडलं. मग ती चारचौघांत बोलेनाशीच झाली.

"आये, देवानं माझा गळा असा का घडवला गं?" एकदा तिनं विचारलं.

"त्याच्या मनात काय हाय ते त्यालाच ठावं, बाय," आई म्हणाली. पुढं आईही गेली. उरला फक्त धाकटा भाऊ, हाशा. तो तिच्या आवाजाला कधी हसला नाही.

एका माघात सगळ्या होड्या, हाशाचीही, समुद्रात असताना धुकं उतरलं. आपला हात आपल्याला दिसेना. खाडीच्या तोंडाशी तर नुसते खडक. किनाऱ्यावर बाया रडू लागल्या. तेव्हा माणकी कातळावर चढली आणि तिनं एकेका नाखव्याचं नाव घेऊन हाक मारली. त्या हाकेनं धुक्यात वाट पडत गेली, असं म्हणतात. आवाजाच्या रोखानं एकेक होडी घरी आली.

हाशाचं नाव तिनं शेवटी ठेवलं होतं. इतर नाखव्यांना घरी लहान पोरं होती, आणि हाशा पट्टीचा नाखवा, तो येणारच.

शेवटी म्हातारा गोमा आला, तो फळीला धरून. "माझी आणि हाशाची, दोन्ही होड्या खडकावर फुटल्या," तो म्हणाला. "हाती लागलेली ही एकच फळी हाशानं मला दिली."

माणकी दिवसभर हाशाला हाका मारत राहिली. समुद्र मागं सरला, पण ओ आली नाही. संध्याकाळी तिचा आवाज गेला, तो कायमचा.

गाव तिच्या पाया पडला. गोमा म्हणाला, "पोरी, देवानं तुला ह्याच्यासाठीच घडवलं होतं."

ओठांच्या हालचालीवरूनच लोकांना तिचं उत्तर कळलं. "व्हय. पर त्यानं मला इचारलं न्हाई."

तरीही धुकं आलं की ती कातळावर जायची. तोंड उघडायची, पण किनाऱ्यावर काहीच ऐकू यायचं नाही. होड्यांवर मात्र प्रत्येकाला आपापलं नाव ऐकू यायचं, असं म्हणतात. म्हातारी होऊन मरेपर्यंत ती जात राहिली. तिच्या हयातीत तिथं पुन्हा होडी फुटली नाही.

आजही नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघण्याआधी करंजवेळच्या बाया त्या कातळावर उभ्या राहतात आणि प्रत्येक नाखव्याला नावानं हाक मारतात. सगळ्यांत आधी हाशाला. मग त्या गप्प होतात, ओ यायला लागेल तेवढा वेळ थांबतात, आणि मगच दुसरं नाव घेतात.