तीन भिंतींचे कबरस्तान

व्हर्जिनियात, समुद्राकडे संथ वाहणाऱ्या एका नदीच्या काठी, विंगेट घराण्याचे कबरस्तान आहे. त्याला भिंती तीनच. पूर्वेची बाजू उघडी. चौथी पडली का, असे पाहुणे विचारतात. ती जागा दाखवणारी म्हातारी डॉर्कस मान हलवते आणि सांगू लागते.

इंग्लंडच्या राजाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. अँब्रोझ विंगेट तंबाखूच्या मळ्यांचा मालक. आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे त्याच्याकडे गुलाम म्हणून राबत. नदीकाठच्या तापाने त्याची मुले एकामागून एक गेली, मग बायको लेटिशियाही गेली. उरली धाकटी हेस्टर. अँब्रोझ इतका थकला होता म्हणे, की जेवायला बसला तरी रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राही आणि घास हातातच वाळून जाई.

एके वर्षी रानडुकरांनी कबरी उकरल्या. माझ्या माणसांना पक्क्या विटांची भिंत घालीन, अशी त्याने शपथ वाहिली. विटांजोगी माती पूर्वेच्या उतारावर होती. गुलाम आपली मेलेली माणसे तिथेच पुरत. वर ना दगड, ना नाव. अँब्रोझला हे ठाऊक होते. तरी त्याने तिथेच खणायला लावले.

तीन भिंती झाल्या. चौथी उभी राहीना. संध्याकाळी रचलेली सकाळी ढासळलेली असे, असे सांगतात. रचणाऱ्यांच्या पाठी फोडल्या, तरी तेच.

मग फीबा नावाची बाई खणायच्या जागी जाऊन बसली. मुकादमाने चाबूक उगारला, पण अँब्रोझने त्याला थांबवले.

"ऊठ," तो म्हणाला.

"कुठं जाऊ, मालक? इथं माझी दोन लेकरं आहेत. एकाला तुम्ही विटांत घातलंत. दुसऱ्याला तरी राहू द्या."

"मीही लेकरं पुरलीत, फीबा."

"त्यांची नावं दगडावर आहेत. माझ्यांची मलाच ठाऊक."

तो भिंतींकडे वळला. "विटा फोडतो. माती परत टाकतो."

"भाजलेल्या विटेची माती कशी व्हायची, मालक?"

अँब्रोझ तिथेच खाली बसला. काम थांबले. पुढे मरेपर्यंत तो लेटिशियाच्या बागेतली माती टोपलीने आणून त्या खड्ड्यात ओतत राहिला. शेवटी शेवटी टोपली उचलवेना, तेव्हा हेस्टर दुसरी कडी धरी. पण त्याने फीबाला मोकळे केले नाही. कोणालाच केले नाही. हे सांगितल्याशिवाय डॉर्कस पुढे जात नाही. फीबाही त्याच उतारावर पुरली गेली.

आजही येणारे आपल्या अंगणातली मूठभर माती आणून त्या खड्ड्यात टाकतात. पाऊस ती नदीकडे वाहून नेतो, खड्डा काही भरत नाही. डॉर्कसच्या आजीने टाकली, आईने टाकली. डॉर्कस आपली मूठ रिकामी करते, कमरेवर हात ठेवून गवतावर बसते आणि पाहुण्यांना म्हणते, "तुम्ही टाका. मी जरा टेकते."