वारा धुणारी हौसाई

नदीवर पूल नव्हता आणि वेळ सावलीवरून ओळखायची, तेव्हाची ही गोष्ट. मला ती माझ्या आत्यानं सांगितली, आत्याला तिच्या सासूनं. मधे कुणी मीठमसाला घातला असेल तर तो त्यांचा. मी ऐकली तशी सांगते.

बोरीखेड हे ज्वारीचं गाव. पूर्वेला नदी, नदी आणि गाव यांच्यामध्ये काळं रान, आणि त्या रानात नजर जाईल तिथवर शाळू, म्हणजे हिवाळ्यातली ज्वारी. नदीच्या पलीकडे मात्र नुसता खडकाळ माळ. तिथं गवतसुद्धा धड उगवायचं नाही. मार्गशीर्ष लागला की शाळू फुलोऱ्यात यायचा आणि पूर्वेचा गार वारा त्याच्यावरून सरळ गावात शिरायचा. लोक म्हणायचे, वाऱ्याला धान्याचा वास येतोय, यंदा पीक चांगलं आहे.

या गावाचं शिंकेशी मोठं वाकडं होतं. कुणी कामाला निघावं आणि कुणाला तरी शिंक यावी, की काम थांबलंच. निघालेल्या माणसानं परत घरात यायचं, बसायचं, दोन घोट पाणी प्यायचं आणि मग निघायचं. वर्षभर ते खपून जाई. पण मार्गशीर्षात अर्ध्या गावाच्या नाकाला धार लागायची. बैल जुंपले की शिंक, मोट सोडली की शिंक. लोक उठायचे, बसायचे, पाणी प्यायचे. एका बाजाराच्या दिवशी गावातून एकही माणूस वेशीबाहेर पडू शकला नाही, असं म्हणतात. पाणी पिऊन पिऊन सगळ्यांची पोटं मात्र तट्ट फुगली.

त्या गावात शिवराम चौगुले म्हणून एक मातब्बर शेतकरी होता. माणूस वाईट नव्हता, पण शकुन-अपशकुनाच्या बाबतीत भारी कडक. त्याची सून सुंद्रा लांबून आली होती, पार पश्चिमेच्या डोंगरातून. तिकडे भात आणि नाचणी, शाळूचं धाट तिनं लग्नाआधी कधी पाहिलंही नव्हतं. लग्न होऊन आली आणि पहिल्याच मार्गशीर्षात तिला शिंका सुरू झाल्या. इतरांना दोन येत, तिला वीस. डोळे लाल, नाक चोंदलेलं, टाळूला खाज. पौष सरला की सगळं आपोआप थांबायचं. पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा तेच. त्या वर्षी तर छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि चार पावलं चालली तरी तिला दम लागू लागला.

आता या भागात मार्गशीर्षातल्या अवसेला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी गावात कुणी राहत नाही. सगळी घरं आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन रानात जातात, कडब्याची कोप म्हणजे छोटं खोपटं करतात, चुना लावलेल्या पाच दगडांची पूजा करतात आणि तिथंच जेवतात. चौगुल्यांच्या घरी मडकं न्यायचा मान सुनेचा. सुंद्रानं ते नेलं, आणि ऐन पूजेत तिला शिंका आल्या. एकामागून एक अशा आल्या की हातातली आंबील सांडली. त्यानंतर पंधरा दिवसांत शाळूवर चिकटा पडला आणि कणसं काळी झाली. मग काय, गावाला एवढंच हवं होतं. यंदा माशी कुठं शिंकली, असं कुणी विचारलं की लोक चौगुल्यांच्या घराकडे बोट दाखवायचे.

तिसऱ्या वर्षी सुंद्राच्या मांडीवर आठ महिन्यांचा मुलगा होता. मार्गशीर्ष लागला, शिंका लागल्या. चौगुल्यानं घरात सांगून टाकलं, की अवसेच्या आधी सुनेला माहेरी धाडायचं, आणि कायमचं. पोर घराण्याचं आहे, ते इथंच राहील. गाडी ठरली. सुंद्राचा नवरा खाली मान घालून उभा होता. बापापुढं बोलायची त्याची छाती नव्हती. त्या दिवसापासून सुंद्रानं मुलाला खाली म्हणून ठेवलं नाही. शिंक आली की ती तोंड फिरवायची, पदर दाबायची, पण त्याला सोडायची नाही.

गावची परटीण होती हौसा. उंच, हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. तिच्या धुण्याचा तिला फार अभिमान. तिनं धुतलेलं धोतर उन्हात धरलं तर बघणाऱ्याचे डोळे दिपायचे, असं म्हणतात. घाटावर धुवायची आणि काठाला लागून चौगुल्यांचं रान होतं, त्याच्या बांधावरच्या बोरी-बाभळींवर वाळत घालायची. तिची सासू तसंच करायची, सासूची सासूही तसंच करायची.

गाडी निघायला पाच दिवस उरले होते तेव्हा हौसा धुणं घेऊन चौगुल्यांच्या घरी आली. सुंद्रानं घड्या उचलल्या मात्र, आणि शिंकांची सरबत्ती सुरू झाली. श्वास बसल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशी, राग मानू नका. तुमी धुऊन आनलेलं नेसलं की मला जास्तच व्हतंय. दोन दिसांचं मळकं लुगडंच बरं वाटतंय."

हौसाला जे लागायचं ते लागलं. उभ्या जन्मात तिच्या धुण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. "मळकं बरं वाटतंय?" ती कडाडली. "माज्या हातचं धुनं तुला बाधतंय व्हय गं? अशी सून मी न्हाई बगितली!" आणि ती तरातरा निघून गेली. वाटेत भेटेल त्याला तिनं ते सांगितलं. लोक हसले, आणि चौगुल्याच्या निर्णयाला आणखी बळ आलं.

पण राग आला तरी हौसा कामाची बाई होती. बोललेलं तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिनं बांधावर वाळलेलं एक धोतर काढलं, आणि घडी न घालता परत नदीत बुडवून पिळलं. धोतर पांढरं होतं, स्वच्छ होतं, आणि तरी पिळातून पिवळसर पाणी आलं. तिनं दुसरं पिळलं, तिसरं पिळलं. सगळ्यांतून पिवळं पाणी. तिनं मान वर केली. शाळूच्या तुऱ्यांवरून वारा येत होता आणि त्या वाऱ्यात बारीक पिठासारखी धूळ उडत होती. ती सगळी तिच्या ओल्या कपड्यांवर बसत होती. तेव्हा कुठं हौसाच्या ध्यानात आलं. तीन वर्षं ती स्वतःच्या हातानं शाळूचा फुलोरा घडी घालून त्या पोरीच्या अंगावर नेऊन ठेवत होती.

तिनं त्याच दिवशी सुंद्राची दोन लुगडी आणि पोराची दुपटी धुतली, ती डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली आणि माळावरच्या खडकांवर वाळवली. तिकडे शाळू नव्हता, आणि वाराही तिकडूनच इकडे यायचा. घरी नेऊन दिली आणि म्हणाली, "ही नेस. केस धुऊन घे. डोळं, नाक पान्यानं साफ कर. पूर्वेचं दार लावून घे. आन बोलू नकोस, मला अजून राग हाय." सुंद्रानं तसं केलं. तिसऱ्या दिवशी तिच्या छातीतली शिट्टी थांबली. शिंका पार गेल्या असं कुणी म्हणत नाही, पण मोजण्याइतक्या उरल्या.

हौसाला आता गप्प बसता आलं असतं. तिच्याकडे कुणाचंही बोट नव्हतं. पण ती चावडीवर गेली. चौगुले आणि चार जाणती माणसं बसली होती. तिनं पदर खोचला आणि सांगितलं, "अण्णा, पोरीचा काय बी दोष न्हाई. दोष माज्या वाळवनाचा हाय. ह्यो शाळूचा फुलोरा तिला बाधतोय, आन त्यो मीच तुमच्या घरात आनून टाकत हुते."

चौगुले हसला. "ज्या शाळूवर गाव जगतं, त्यो बाधतोय म्हनं! हौसे, उद्या म्हनशील आईचं दूध बाधतंय."

"तसं म्हना. पर अवसेला तिला पूजेला बसवा. माज्या पद्धतीनं आनीन मी तिला. ती शिंकली तर गाडी हाका, आन मी बी ह्यो घाट सोडून जाईन."

परटिणीनं घाट सोडायचा म्हणजे चूल विझवायची, हे सगळ्यांना कळत होतं. चौगुले कबूल झाला. एवढीच अट घातली, की गाडी जुंपून रानाच्या वाटेवर उभी राहील.

आता यापुढचं ऐका, कारण गाव आजही सांगतं ते हेच. सणाचं धुणं म्हणून गावातली सगळी धोतरं, लुगडी, पासोड्या हौसाकडे आल्याच होत्या. तिनं त्या ओल्याच ठेवल्या. अवसेच्या सकाळी बांबू रोवले, दोर ताणले, आणि चौगुल्यांच्या कोपीच्या पूर्वेला ओल्या कपड्यांची भिंत उभी केली. एक भिंत, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. सुकत आली की घागरीनं पाणी मारायचं. वारा आला, पहिल्या भिंतीवर आपटला, दुसरीतून झिरपला, आणि तिसरीतून निघाला तेव्हा त्याला फक्त ओल्या कापडाचा वास होता. पांढरी धोतरं बघता बघता हळदीसारखी पिवळी झाली. हौसानं वारा धुतला, असं म्हणतात. गावातली दमेकरी म्हातारी माणसं त्या भिंतीमागे येऊन बसली आणि कितीतरी वर्षांनी पोटभर श्वास घेतला. गावात एवढी धोतरं होती का, हे मला विचारू नका. आत्याला मी विचारलं होतं, तर तिनं टपली मारली.

सूर्य डोक्यावर आल्यावर हौसानं सुंद्राला आणलं. पहाटे उडालेली धूळ तोवर बरीच खाली बसली होती. तिचं लुगडं माळावर वाळलेलं, केस धुतलेले, नाकातोंडावर ओला पदर. डोक्यावर आंबिलीचं मडकं आणि कडेवर मुलगा. वाटेत जुंपलेली गाडी उभी होती. सुंद्रा तिच्या शेजारून गेली, पण तिनं तिकडे पाहिलं नाही.

पूजा सुरू झाली. साऱ्या गावाचं लक्ष देवाकडे नव्हतं, सुंद्राच्या नाकाकडे होतं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. हौसा भिंतीवर पाणी मारत होती. सुंद्रानं नैवेद्य ठेवला. रानात आंबिलीचं पहिलं शिंपण करायला सगळे उठले, आणि तेवढ्यात शिंक आली.

सगळ्यांच्या माना सुंद्राकडे वळल्या. शिंक मोठी होती, दणदणीत होती, आणि ती शिवराम चौगुल्याची होती.

झालं होतं असं, की कोप बांधायला तो पहाटेच आला होता, फुलोऱ्यातल्या शाळूतून वाट काढत. त्याच्या पल्लेदार मिशा पिवळ्याजर्द झाल्या होत्या. त्याला दुसरी शिंक आली, तिसरी आली, मग मोजणं सुटलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. श्वास घ्यायला तो धडपडू लागला. ज्या नियमानं तो सुनेला गाडीत घालायला निघाला होता, त्याच नियमानं आता त्याची गत काय, हे सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण बोलणार कोण?

सुंद्रानं मुलाला नवऱ्याच्या हातात दिलं. गाडी ठरल्यापासून पहिल्यांदा तिनं त्याला आपल्यापासून सोडलं, असं म्हणायला हरकत नाही. तिनं तांब्या घेतला, सासऱ्याला हाताला धरून भिंतीच्या आडोशाला बसवलं, स्वतःच्या ओल्या पदरानं त्याच्या मिशा पुसल्या, डोळे पुसले. "मामंजी, घाबरू नगा," ती म्हणाली. "डोळं मिटा. हळू श्वास घ्या. मला ठावं हाय कसं व्हतंय ते. हुईल कमी."

शिवराम चौगुले तिथं बसून रडला, असं म्हणतात. काही लोक म्हणतात ते फुलोऱ्याचं पाणी होतं. मला विचाराल तर तो रडला. श्वास परत आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तीन वर्सं पोरीला असं व्हत हुतं, आन म्या तिला शकुन शिकवत हुतो." मग त्यानं मुलाला मागून घेतलं, सुंद्राच्या मांडीवर ठेवलं आणि गाडीवाल्याला बैल सोडायला सांगितले.

संध्याकाळी हौसानं ते सगळे कपडे नदीत पिळले. नदी सात दिवस पिवळी वाहिली. खालच्या गावातल्या लोकांना वाटलं, वरती कुणाच्या तरी मोठ्या लग्नाची हळद धुतली. त्या वर्षी चिकटा पडला नाही आणि शाळूचं एकेक कणीस ओंजळीत मावेना. हौसा पुढं खूप वर्षं जगली. तिचा राग मात्र गेला नाही. तुमचं धुणं बरं नाही, असं सुंद्रा चेष्टेनं म्हणायची आणि ती दर वेळी भडकायची. ती गेली त्या दिवशी मार्गशीर्ष असूनही गावात वाऱ्याला फक्त ओल्या कापडाचा वास होता, असं म्हणतात.

आता बोरीखेडला पूल आहे, दवाखाना आहे, नाकात मारायची औषधं आहेत, आणि गरज असेल ते घेतात, घ्यावीतच. पण फुलोऱ्याच्या दिवसांत तिथं अजून कुणी रानाच्या बाजूला कपडे वाळत घालत नाही. रानातून आलेला माणूस आधी हात-पाय, तोंड, डोळे धुतो आणि अंगावरचे कपडे पडवीतच काढतो. शिंक आली तर कुणी थांबत नाही, शेजारचा माणूस "हौसाई" म्हणतो आणि पाणी पुढं करतो.

आणि वेळ अमावस्येला, पूजेच्या आधी, पूर्वेच्या बांधावर एक ओलं धोतर बांधतात. त्याचं एक टोक धरायचा मान त्या वर्षी सगळ्यांत लांबून आलेल्या सुनेचा. दुसरं टोक तिच्या सासऱ्यानं धरायचं. धोतर बांधून झालं की त्यानं सगळ्यांसमोर तिला विचारायचं, "पोरी, हितलं काय बाधतंय का तुला?" ती सांगेल ते साऱ्या गावानं उभं राहून ऐकायचं, आणि तिचं सांगून झाल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं नाही.