तांबटाची थोरली

एक होतं गाव, आणि त्या गावाला सकाळी जाग यायची ती एका तांबटाच्या ठोक्यांनी. त्याच्या हातची घागर आजीनं वापरावी आणि नातीनं सासरी न्यावी, इतकी टिकायची.

कोणी कौतुक केलं की तांबट ऐटीत सांगायचा, "अहो, ठोकून ठोकून तांबं कडक होतं. मग त्याला भट्टीत तापवून मऊ करायचं, निवू द्यायचं, आणि मगच पुढचा ठोका. नुसतंच ठोकत बसलं तर तडकतं ते!"

तांब्याची एवढी कदर करणारा हा गृहस्थ. पण म्हणतात ना, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! त्याला दोन मुली होत्या. थोरली आठ वर्षांची, धाकटी नुकती चालायला लागलेली. थोरलीच्या हातून पाणी सांडलं, रट्टा. ओ द्यायला उशीर झाला, रट्टा. बायकोशी भांडण झालं तरी मार खायची ती थोरलीच.

बायको म्हणायची, "अहो, मारलंत ते मारलंत, आता जरा जवळ तरी घ्या तिला."

"लाड केले की पोरं शेफारतात. मला कोणी घेतलं होतं जवळ?" तांबट म्हणायचा. ते मात्र खरं होतं. त्यालाही कोणी घेतलं नव्हतं.

पोर हळूहळू मारकुटी झाली. कोणाला ढकल, कोणाचे केस ओढ, कोणाला चाव. शेजारणी कागाळ्या घेऊन यायच्या, आणि दर कागाळीला मार ठरलेला. पुढे पुढे मुलांनी तिला खेळायला घेणंच सोडलं. मग ती दिवसभर बापाच्या दुकानाच्या पायरीवर एकटी बसून राही.

एके दिवशी तिनं शेजारच्या मुलीच्या कपाळात दगड घातला. तांबटानं तिला फरफटत घरी आणलं. दारात येताच ती एकदम त्याच्या कमरेला बिलगली.

"बाबा, ती मला हडळ म्हणाली हो. सगळे म्हणतात."

तांबटाचा उगारलेला हात थांबला. क्षणभर त्याला वाटलं, उचलून घ्यावं लेकीला. पण अंगणात सगळी आळी जमली होती. लोक काय म्हणतील? त्यानं तिला कमरेपासून सोडवलं आणि मारलं, रोजच्याहून जास्त मारलं.

या वेळी ती रडली नाही.

"बघ, आली की नाही वठणीवर?" तांबट बायकोला म्हणाला. ठोकताना तांब्याचा आवाज जरा बदलला, की ते कडक झालं हे ओळखून हात आवरणारा माणूस तो! पोटच्या पोरीचा आवाज बंद झाला, तेव्हा मात्र त्याला आपण जिंकलो असं वाटलं.

आठवडा गेला. धाकटीनं थोरलीची मांडलेली भातुकली विस्कटली. थोरली उठली, दुकानातून हातोडी घेऊन आली. किंकाळी ऐकून तांबट धावला, तेव्हा धाकटीच्या उजव्या हाताची बोटं चेंदली होती, आणि थोरली तिला अगदी शांतपणे समजावत होती, "रडू नकोस. तू रडायची थांबलीस की मी मारायची थांबेन."

वैद्यानं पाला बांधला, पण ती बोटं पुन्हा काही वळली नाहीत.

त्या दिवशी तांबटाला पहिल्यांदा हुंदका फुटला. तो कोपऱ्यात बसलेल्या थोरलीसमोर गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "ये गं बाळा, ये माझ्याजवळ." तिला पोटाशी धरायला त्यानं हात पुढे केला.

हात येताना पाहून थोरलीनं डोकं गुडघ्यांत लपवलं आणि निमूटपणे पाठ पुढे केली.

लेकुरवाळ्यांनो, तात्पर्य: मारानं मूल गप्प होतं, शहाणं होत नाही. खाल्लेला मार ते आपल्याहून लहान कोणाला तरी देतंच. आणि ते आपल्याला कळेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो.