पुढची डावी जागा

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. सकाळपासून दाट धुकं, वारा अजिबात नाही.

त्या राज्यात जमिनीवर कुणी राहत नसे. सगळी प्रजा एका अवजड गाडीवर राही आणि गाडी कधी फार वेळ थांबत नसे. तिचा भार चार चाकं पेलत. त्या चौघी एकमेकींना जाऊबाई म्हणत आणि स्टिअरिंगवरच्या म्हाताऱ्या सारथ्याला मामंजी.

पुढची डावी सगळ्यांत नवी होती. अंगावरची नक्षी अजून कोरी होती, पण फक्त बाहेरून. आतल्या कडेची नक्षी पुसली जाऊन खालचे धागे दिसू लागले होते. चालताना ती सतत कुरकुरत घासे. आधी तिला वाटलं, रस्ताच खरखरीत असेल.

"काही जणींना आतून झिजायची खोडच असते," शेजारची थोरली म्हणाली.

"माझ्या आधीचीला होती?"

"होती."

"आणि तिच्या आधीचीला?"

थोरली म्हणाली, "तुझ्या जागेवर कुणी टिकतच नाही बघ. आम्ही आता नावंही विचारत नाही."

मग मागून धाकटी हळूच बोलली, "जाऊबाई, मी रोज तुमच्याच मागून चालते. तुमचं तोंड रस्त्याकडे नसतंच. दोन बोटं बाहेर वळलेलं असतं. मागे एकदा गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा तुमच्या जागेची दांडी वाकली. कुणी वाकून पाहिलं नाही. तेव्हापासून मामंजी स्टिअरिंग जरा उजवीकडे दाबून धरतात."

सारथ्याचा उजवा खांदा कायमचा खाली आला होता. प्रजा त्याला निष्ठा म्हणे. लहान मुलं खेळतानासुद्धा तसाच खांदा पाडून उभी राहत.

नवीनं सपाट रस्ता पाहून विचारलं, "मामंजी, एकदा हात सैल सोडता का? गाडी आपली आपण कुठं जाते, तेवढं दिसेल. दांडी सरळ केली तर मी वाचेन."

"वा, सूनबाई आता मला गाडी शिकवणार," तो हसला. "सरळ चाललीय ना? मग झालं. दांडीसाठी राज्य उभं करायचं म्हणजे लोक विचारणार, काय बिघडलं. तू थकली असशील तर घाट उतरल्यावर तुझ्या जागी दुसरी घालू."

 

दुपारी घाट लागला. डावीकडे दरी होती, पण धुक्यात ती पांढऱ्या मैदानासारखी दिसत होती. नवीचे धागे एकेक करून तुटत होते. उतार संपेपर्यंत आपण टिकू का, एवढंच ती पाहत होती.

वळणावर देवीचं देऊळ आलं. सारथ्यानं गाडी थांबवली नाही. त्यानं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. त्याचे हात जोडलेले पाहून साऱ्या प्रजेनंही हात जोडले.

नवीचं घासणं थांबलं. तिचं तोंड जिकडे होतं तिकडेच ती चालली होती. थोरलीही तिच्याबरोबर सहज वळली. कुरकुर नाही, ओढ नाही. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं.

गाडीवर कुणीही ओरडलं नाही.

तिसऱ्या प्रहरी धुकं निवळलं. देवळापर्यंत चाकोऱ्या सरळ आल्या होत्या. तिथून त्या अलगद डावीकडे वळल्या होत्या आणि कड्यावर संपल्या होत्या.