हाळी आणि ओ

वाऱ्याच्या तोंडावर वसलेल्या एका गावात एक भित्री मुलगी राहायची, आणि एका सकाळी तिच्या कुत्र्यानं समोर टाकलेली भाकरी नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं.

एवढंच झालं. पण मुलीच्या छातीत धस्स झालं. चित्र्या म्हणजे कसा, तर भाकरीचा वास आला की शेपटीनं अंगण झाडणारा. आज त्याचं पोट तट्ट फुगलेलं होतं आणि ओठाला एक हिरवं पीस चिकटलं होतं.

"आजारी असेल," आई म्हणाली. "तुझं काय, पान हललं तरी तुला वाईटच दिसतं."

हे खरंच होतं. मुलगी शहरात कॉलेज करून आली होती, पण भित्रेपणा काही तिथे राहिला नव्हता. भांडं पडलं की ती दचकायची, आणि मागून कुणी हाक मारली की हातातलं भांडं पाडायची. गावानं मात्र याच गुणावर तिला काम दिलं होतं.

त्याचं असं झालं. गावाच्या माथ्यावर मोठं पठार आणि पठाराच्या कडेला उभा कडा. कड्यात पूर्वी गिधाडांचे थवे होते. आता एक जोडी आणि तिचं एक पिल्लू उरलं होतं. गावात ढोर मेलं की गाडीवान ते पठाराच्या पार टोकाला, ढोरटेकावर नेऊन टाकायचा. गिधाडं उतरायची आणि हाडं लख्ख करून जायची. ना वास, ना रोगराई. पुढे पठारावर पवनचक्क्या आल्या, घराघरात दिवे लागले. तेव्हा जुन्या मंडळींनी अट घातली होती. मचाणावर एक राखणदार बसेल. मोठं पाखरू चाकाकडे येताना दिसलं की त्यानं हाळी द्यायची. खाली चक्क्यांच्या मुकादमानं 'ओ' द्यायची आणि ब्रेकचा दांडा ओढायचा.

"राखणीला शूर माणूस नको," म्हातारे म्हणाले होते. "सगळ्यांच्या आधी दचकतं, ते माणूस हवं."

त्या सकाळी मुलगी चित्र्याच्या मागोमाग पठार चढली. तो सरळ कडेच्या चक्कीखाली गेला. गवतात एक वटवाघूळ पडलं होतं. अंगावर जखम नाही, झोपल्यासारखं. चित्र्यानं दोन घासांत ते संपवलं, जीभ फिरवली आणि पुढचं शोधायला लागला.

आता मुलीला सगळं उमगलं. मुकादम रोज छाती ठोकून सांगायचा, "माझ्या चक्क्यांखाली एक मेलेलं पाखरू दाखवा!" दाखवणार कुठून? रोज लोक वर यायच्या आत कुत्रा जमीन साफ करून मोकळा होत होता.

आणि थोडं पुढे, त्याच चक्कीच्या सावलीत, एक मेलेला बैल पडला होता. गाडीवान रिकामी गाडी वळवत होता.

"काका, इथे कुठे टाकताय? ढोरटेकावर न्या ना!"

"ढोरटेकाची वाट राहिलीय कुठे बाई? चक्क्या उभ्या करताना निघालेले सगळे दगड तिच्यावर लोटले. नंतर उचलू म्हणाले. इथवर मात्र सडक कशी केलीय बघ, पोटातलं पाणी हलत नाही."

"पण मग गिधाडं इथे उतरतील. चाकाखाली!"

"बरंच की! त्यांनाही जवळ पडेल," गाडीवान हसला आणि गाडी हाकत निघून गेला.

मुलगी धावत मुकादमाच्या खोपीत गेली. धापा टाकत तिनं सगळं सांगितलं: पीस, वटवाघूळ, बैल.

मुकादम वाईट माणूस नव्हता. पण कंटाळला होता. "अगं पोरी, काल तू ढगाच्या सावलीला हाळी दिलीस. परवा पोरांच्या पतंगाला. दर वेळी चाक थांबवायचं, गावात दिवे गेले की शिव्या मी खायच्या! आता एक कर. चोच दिसली की हाक मार. चोच! खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही."

"आणि बैल?"

"उद्या बघू."

खोपीत चहा पीत बसलेले दोघं-तिघं फिस्सकन हसले. मुलीचे कान तापले. खरं म्हणजे तिनं तिथेच पाय रोवून सांगायला हवं होतं, की दांडा ओढला म्हणून चाक लगेच थांबत नाही. चुलीवरून उतरवलेलं आधण कसं बराच वेळ खदखदत राहतं, तसं ते फिरतच राहतं. चोच दिसेपर्यंत थांबलं तर फार उशीर होतो. हे तिला चांगलं माहीत होतं. पण चारचौघांत पुन्हा वेडी ठरायची तिची तयारी नव्हती. ती "बरं" म्हणाली.

त्या 'बरं'चं काय झालं ते ऐका.

दुपारी कड्याकडून एक ठिपका निघाला. मुलीच्या तोंडाशी हाळी आली. पण घार असली तर? तिनं ओठ घट्ट मिटले. ठिपक्याला पंख फुटले. अजूनही घार असू शकते. पंख रुंद झाले, मान दिसली, आणि मग वाकडी चोच दिसली.

"पाखरू आलं होऽऽ!"

खालून ओ आली नाही. दचकली पुन्हा, असं मुकादम मनाशी म्हणाला असेल. गिधाडाची नजर खाली बैलावर होती. वरून येणारं पातं त्याला दिसलंच नाही.

आवाज काही फार मोठा झाला नाही. ओलं पोतं जमिनीवर पडावं, तेवढाच.

मुकादम बाहेर आला. त्यानं ते पसरलेले पंख बघितले. मग म्हणाला, "एवढ्या उशिरा का हाक मारलीस गं?"

 

उरलेलं गिधाड त्या दिवसापासून पठारावर उतरेना. बैल तिथेच सडला. वारा तोच होता, पण आता तो घाण घेऊन घरात शिरायचा. मग बैलाशेजारी एक म्हैस येऊन पडली. पंचक्रोशीतली कुत्री पठारावर गोळा झाली आणि मांसाला चटावली. चित्र्या घरी यायचा बंद झाला. एकदा मुलीनं त्याला नावानं हाक मारली, तर त्यानं मान वर करून अनोळखी माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. आणि एके दिवशी त्या टोळीनं मुकादमाच्या दावणीचं वासरू फाडलं.



मुलगी मात्र रोज मचाणावर चढत होती. कड्यात पिल्लू होतं. त्याची भूक त्या एकट्या जिवाला आज ना उद्या खाली ओढून आणणार, हे तिला कळत होतं. ते गिधाडही गेलं, तर कडा कायमचा रिकामा होणार होता.

आणि तो दिवस आला. आभाळ मळकट, वारा सुटलेला, चाक भरधाव. कड्याकडून एक ठिपका सुटला. मोहरीएवढा. घार असेल, कावळा असेल, नाहीतर डोळ्यात गेलेलं कुसळ असेल. पण या वेळी मुलीनं खात्रीची वाट पाहिली नाही.

"पाखरू आलं होऽऽ!"

खाली काही हललं नाही. चाक घोंघावत राहिलं.

"मुकादमकाका! पाखरू आलं होऽऽ!"

मुकादम खोपीच्या दारात आला. कपाळावर आडवा हात धरून आभाळात बघत राहिला. त्याला तिथे काहीच दिसत नसणार. तिला तरी कुठे धड दिसत होतं?

"मला खात्री नाही, काका!" ती ओरडली. "चोच दिसत नाही! तरी दांडा ओढा! पाखरू आलं होऽऽ!"

मुकादमानं रिकाम्या दावणीकडे बघितलं. मग तो आत वळला.

ठिपका हरभऱ्याएवढा झाला. मुलीनं पुन्हा तोंड उघडलं. आणि तेवढ्यात, वाऱ्याला चिरत, खालून मुकादमाचा आवाज आला.

"ओऽऽ!"

आणि घोंघावणारं चाक मंदावू लागलं.

तात्पर्य एवढंच: राखण करणाऱ्याला आधी दचकू द्यावं आणि त्याच्या पहिल्या हाकेला ओ द्यावी. खात्री पटेपर्यंत थांबणाऱ्याच्या हाती खात्री तेवढी उरते, जीव उरत नाही.