सावरीच्या ढोलीतला आवाज

फार पूर्वी वेत्रवती नगरीत सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मले होते. त्याच नगरीत नंदिला नावाची कुंभारीण राहत असे. तिच्या स्तनात अर्बुदाची गाठ झाली. बोधिसत्त्वांनी ती तपासली आणि स्पष्टच सांगितले, "ही शस्त्राने काढावी लागेल."

शस्त्राचे नाव ऐकूनच नंदिला घाबरली. ती म्हणाली, "वैद्यराज, श्मशानातल्या सावरीवरची अळंबी द्या ना. मेलेल्या झाडावर वाढूनही ती कुजत नाही. ती खाल्ली की मीही कुजायची नाही."

असा समज त्या नगरीत सगळ्यांचाच होता. बोधिसत्त्व एवढेच म्हणाले, "चल, दोघे जाऊ."

त्या सावरीत एक यक्षिणी राहत असे, आणि तिथला रिवाज ठरलेला होता. खोडाच्या ढोलीत तोंड घालून औषध कोणाला व कशासाठी हवे ते सांगायचे. प्रतिध्वनी आला तर अळंबी तोडायची, नाही आला तर मुकाट्याने परतायचे.

दिवस मावळताना दोघे पोहोचले. चितांचा धूर जमिनीलगत साचला होता. वठलेल्या खोडावर अळंबीचे थर फिकट उजळत होते आणि वारा नसताना श्वास घेतल्यासारखे हलत होते. नंदिलेला तिथून पळून जावेसे वाटले.

बोधिसत्त्व ढोलीपाशी वाकले. "नंदिलेसाठी. शस्त्रकर्मानंतर अन्नावर वासना यावी, अंगात बळ राहावे म्हणून."

प्रतिध्वनी आला नाही. ढोलीतून नंदिलेचाच आवाज आला, "शस्त्र कशाला? अळंबीच पुरे, असं म्हणा. सगळी नगरी तुमच्या पाया पडेल, माझ्याही."

नंदिलेचे ओठ मिटलेले होते. आवाज यक्षिणीने तिचा घेतला होता, पण शस्त्र नको हे बोलणे तिच्याच मनातले होते.

"यक्षिणी," बोधिसत्त्व म्हणाले, "तुझी अळंबी आधार देते. तोही कोणाला लाभतो, कोणाला नाही. गाठ ती काढीत नाही. हिचा जीव घेणारे खोटे मी बोलणार नाही."

ढोली गप्प झाली. बोधिसत्त्व रिकाम्या हाताने वळले. नंदिलेला रडू फुटले. "एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"त्या शब्दावर विसंबून तू घरी बसली असतीस, आणि गाठ वाढत राहिली असती. अळंबी नसली तरी शस्त्रकर्म मी करीन. तू उठेपर्यंत तुझ्या उशाशी बसेन."

आयती चालून आलेली कीर्ती या माणसाने आपल्यासाठी लाथाडली, हे नंदिलेला तेव्हा कळले. ती मागे फिरली. तिने ढोलीत तोंड घातले. "शस्त्र होऊ दे. त्यानंतर मला उभं राहायचंय, तेवढ्यापुरती दे."

प्रतिध्वनी आला. शब्द तिचेच होते, आवाजही तिचाच होता, पण तो म्हातारा होता.

शस्त्रकर्म झाले. अळंबीचा काढा घेता घेता तिला हळूहळू अन्न जाऊ लागले. पुढे कितीतरी वर्षांनी, केस पांढरे झालेल्या नंदिलेने अंगणातून नातीला हाक मारली आणि ती स्वतःच थबकली. हा आवाज तिने पूर्वी एकदा ऐकला होता.

ही आपल्या पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, आजारी बहिणीला गोड खोटे सांगून धीर देऊ पाहणारी स्वस्तिमती तेव्हा ती यक्षिणी होती. आज अंथरुणावर असलेली तिची बहीण धर्मिला तेव्हा नंदिला होती. तो वैद्य मीच होतो." भ्यालेल्या माणसाला खरे तेच सांगावे आणि सांगून झाल्यावर त्याच्यापाशी बसून राहावे, हीच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.